‘द सीक्रेट हिस्टरी’: खुन्यांना ‘ग्रे’ म्हणायचं?

शाईडाग (धागा): डोना टार्टची १९९२ची ही कादंबरी डार्क अकॅडेमियाची (जुनी कॉलेजं, अभिजात विद्या आणि काळोखी गुपितं यांच्या शैलीची) गंगोत्री मानली जाते. व्हरमाँटमधलं कॉलेज, ग्रीक शिकणारी मोजकी मुलं आणि त्यांनीच संपवलेला मित्र, बनी. तो मेलाय हे पहिल्याच वाक्यात कळतं. माझा आक्षेप त्याआधीच्या मृत्यूबद्दल आहे. मद्यदेवतेच्या उन्मादविधीत यांच्या हातून एक शेतकरी मरतो, त्याच्या वाट्याला जेमतेम काही ओळी. वर्णनं मात्र कोटांची, चष्म्यांची, जुन्या पुस्तकांची. ही मुलं सरळसरळ खुनी आहेत. त्यांना ‘ग्रे’, म्हणजे धड चांगली नाहीत धड वाईट नाहीत, म्हणणं म्हणजे त्यांची भलामण.

तळटीप: असहमत. झाकाझाक लेखिका करत नाही, रिचर्ड करतो. बापाचा पेट्रोलपंप लपवून संत्र्याच्या बागा आणि सिनेमाधंद्यातले आईबाप सांगणारा हा निवेदक; त्याच्या शब्दावर किती विसंबायचं?

पेन्सिल घेऊन वाचा. रिचर्डने स्वतः पाहिलं तिथे उभी रेघ, कुणाकडून ऐकलं तिथे आडवी. शेतकऱ्याचा मृत्यू अख्खा आडव्या रेघांत जातो, कारण त्या रात्री रिचर्ड तिथे नव्हताच. आपल्याला कळतं ते मुख्यतः त्या टोळक्यातल्या हेन्रीच्या तोंडून, म्हणजे आरोपीच्याच जबानीतून. तिथे मेलेल्याला जागा कशी मिळणार?

आता बनीकडे या. तो रिचर्डला जेवायला नेतो, हात सैल सोडून मागवतो, बिल आल्यावर पैसे नाहीत, शेवटी हेन्रीला बोलावून भरायला लावतो. मग फुकटेपणा, बोचरे विनोद, टोमणे, यांचा थर चढत जातो. खुनापर्यंत वाचकालाही वाटायला लागतं, सुटू दे ही ब्याद एकदाची. ग्रे असलाच तर तो वाचक.

शाईडाग: पेन्सिलवाले वाचक किती? बाकीचे कोट बघूनच भुलतात. निवेदक खोटारडा, एवढं म्हटलं की लेखिकेला सगळंच माफ, असं चालायचं नाही.

अर्धविराम: भुलतात ते बहुतेक पहिल्या भागावर थांबलेले. खून तिथेच उरकतो, दुसरा भाग रटाळ वाटतो आणि पुस्तक मिटतं. (रटाळ आहेच, बनीची शोधमोहीम लांबलीय.) पण सगळा मुलामा तिथेच उडतो: टोळक्यातल्या चार्ल्सची दारू, एकमेकांवरचा संशय, आणि ग्रीक शिकवणारे ज्युलियन सर. बनीने मरण्याआधी लिहिलेलं, जिवाची भीती सांगणारं पत्र उशिरा त्यांच्या हाती पडतं. आधी ते बनावट ठरवतात. खरं आहे हे पटल्यावर ना पोलिसांकडे जातात, ना मुलांना जाब विचारतात. गाशा गुंडाळून पसार.

तळटीप: +१. पत्राचं प्रकरण वाचून मग ज्युलियनचा पहिला वर्ग पुन्हा वाचावा. सौंदर्य आणि भय यांवर तेव्हा मधाळ वाटलेलं ते व्याख्यान दुसऱ्यांदा वाचताना अंगावर येतं.

शाईडाग: ज्युलियनबद्दल मान्य. शेतकऱ्याबद्दल नाही. आरोपीची जबानी म्हणून त्याला ओळी कमी, हे पटलं; पण दुसऱ्या भागात एवढी शेकडो पानं मोकळी असताना त्याच्या घरचं कुणी एकदाही का दिसू नये?