शब्दचर्चा : ‘ख्रिस्ती रॉक’, ‘गॉस्पेल’ आणि ‘मुख्य प्रवाह’

प्रश्न

अमेरिकेतील ख्रिस्ती रॉक आणि ख्रिस्ती हिप-हॉप सर्वसाधारण श्रोत्यांपर्यंत कसे पोहोचले, या विषयावरील एका दीर्घ लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. ‘मेनस्ट्रीम’, ‘सेक्युलर’, ‘क्रॉसओव्हर’ आणि ‘गॉस्पेल’ हे चार शब्द त्यात पानोपानी येतात. कोश पाहून मी ‘मुख्य प्रवाह’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे पर्याय योजले. परंतु ‘धर्मनिरपेक्ष रेडिओ केंद्रांनी हे गाणे वाजवले’ असे वाक्य लिहून झाल्यावर ते आपले वाटेना. शिवाय, या सगळ्या संगीताला सरळ ‘भक्तिसंगीत’ म्हटले तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

‘भक्तिसंगीत’ हा शब्द येथे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे भक्तिगीत म्हटले की गाणारा देवाला आळवतो आहे किंवा देवाचे गुण गातो आहे, हे गृहीत असते. ख्रिस्ती रॉकमधील पुष्कळ गाणी देवाला उद्देशून नसतात. पी.ओ.डी. या सॅन दिएगोच्या बँडचा ‘सॅटेलाइट’ हा अल्बम 11 सप्टेंबर 2001 रोजी प्रकाशित झाला आणि अमेरिकेत त्याच्या लाखो प्रती विकल्या गेल्या. त्यातले एक गाजलेले गाणे शाळांमध्ये गोळीबारात मेलेल्या आणि मारणाऱ्या मुलांविषयी आहे. ते भक्तिगीत नव्हे, पण ते लिहिणाऱ्यांची श्रद्धा त्यातून वगळताही येत नाही. ज्याला तिकडे ‘वर्शिप’ म्हणतात, म्हणजे मंडळी एकत्र जमून उपासनेत गाते ते संगीत, त्यासाठी मात्र आपल्याकडे ‘उपासना संगीत’ हा शब्द तयार आहे आणि मराठी चर्चमध्ये तो रुळलेलाही आहे. तो त्याच अर्थासाठी राखून ठेवावा.

मुळात ‘ख्रिस्ती रॉक’ या जोडशब्दातले विशेषण कशाचे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ‘हेवी मेटल’ किंवा ‘पंक’ म्हटले की काहीएक नाद कानात उमटतो. ‘ख्रिस्ती रॉक’ या नावाने तसा कोणताच ठरावीक नाद सूचित होत नाही. लॅरी नॉर्मन यांचा 1969 चा अल्बम, स्ट्रायपरचे 1986 चे मेटल आणि डीसी टॉकचा 1995 चा रॅप-रॉक यांच्यात ध्वनीच्या अंगाने फारसे साम्य नाही. त्यांना एका नावाखाली आणले ते आशयाने आणि, माझ्या मते त्याहूनही अधिक, व्यवस्थेने : वेगळ्या कंपन्या, ख्रिस्ती पुस्तकांची दुकाने, स्वतंत्र रेडिओ केंद्रे, 1969 पासून ख्रिस्ती संगीतासाठी दिले जाणारे डव्ह पुरस्कार. म्हणजे ‘ख्रिस्ती’ हे विशेषण येथे बऱ्याच अंशी फडताळाचे नाव आहे.

याचा सर्वांत ठळक पुरावा 2003 मध्ये मिळाला. इव्हानेसन्स या बँडचा ‘फॉलन’ हा अल्बम मार्चमध्ये निघाला आणि ख्रिस्ती दुकानांतही विक्रीस गेला. एका मुलाखतीत बँडच्या सदस्यांनी आपल्याला ख्रिस्ती बँड समजू नये अशा आशयाची विधाने केल्यावर, एप्रिलमध्ये कंपनीनेच त्या दुकानांना पत्र पाठवून अल्बम काढून घेण्याची विनंती केली. तबकडी तीच होती आणि गाण्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. मार्चमध्ये जे संगीत ‘ख्रिस्ती रॉक’ होते, ते एप्रिलमध्ये नुसते ‘रॉक’ झाले. अनुवादकाने हा प्रसंग ध्यानात ठेवला, तर पुढचे पर्याय निवडणे सोपे जाईल.

आता ‘सेक्युलर’. मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द राज्यघटना आणि राजकारण यांच्याशी इतका घट्ट जोडला गेला आहे की रेडिओ केंद्राला तो लावला की जणू त्या केंद्राने काही वैचारिक भूमिका घेतली आहे असे वाटते. ‘ख्रिस्तेतर’ लिहिल्यास इतर धर्मांचे संगीत डोळ्यांसमोर येते. ‘लौकिक संगीत’ हा शब्द अर्थाने अचूक आहे, पारलौकिकाच्या जोडीने तो लगेच कळतोही. पण ‘नावलौकिक’ मनात येण्याचा थोडा धोका आहे. रेडिओ केंद्र किंवा दुकान यांसाठी ‘सर्वसाधारण’ आणि आशयाच्या चर्चेत ‘लौकिक’, अशी वाटणी मी करीन.

‘मुख्य प्रवाहा’बद्दल माझी हरकत अधिक गंभीर आहे. आपल्या वर्तमानपत्रांत मुख्य प्रवाहात कोण येते? शरण आलेले नक्षलवादी, शाळाबाह्य मुले, वस्त्यांवरचे वंचित. जो बाहेर आहे त्याच्यात काही उणे आहे आणि आत येण्याने त्याचे भले होणार आहे, असे हा वाक्प्रचार न सांगता सांगतो. ख्रिस्ती संगीताच्या श्रोत्यांना आपण कोणत्याही काठावर पडलो आहोत असे वाटत नव्हते. उलट 1991 मध्ये ख्रिस्ती संगीतातील गायिका एमी ग्रँट यांचे ‘बेबी बेबी’ हे प्रेमगीत बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा त्यांच्या जुन्या श्रोत्यांपैकी अनेकांना त्या काहीतरी गमावून बसल्या असे वाटले. म्हणून ‘मुख्य प्रवाहात आले’ याऐवजी ‘सर्वसाधारण श्रोत्यांपर्यंत पोहोचले’ असे लिहावे. शब्द वाढतात, परंतु न्याय होतो.

वसईहून प्रतिसाद

वरील विवेचन पटले. ‘गॉस्पेल’विषयी थोडी भर घालतो. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत या शब्दासाठी ‘शुभवर्तमान’ आणि ‘सुवार्ता’ हे दोन्ही शब्द चालतात. ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ म्हटले की तो ग्रंथ. ‘सुवार्ता सांगणे’ म्हटले की ती कृती. तथापि ‘गॉस्पेल संगीत’ याचे ‘शुभवर्तमान संगीत’ करू नये, कारण तेथे ‘गॉस्पेल’ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घडलेल्या एका विशिष्ट गायनपरंपरेचे नाव आहे. 1930 च्या दशकात शिकागोमध्ये थॉमस डॉर्सी यांनी, जे आधी ब्लूज वाजवीत असत, या परंपरेला आजचे रूप दिले. तिला स्वतःचा नाद आहे, जो आपण म्हणता तसा ‘ख्रिस्ती रॉक’ला नाही. सर्वसाधारण श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यातही ती पुढे होती : एडविन हॉकिन्स यांच्या कॅलिफोर्नियातील गायकवृंदाचे ‘ओ हॅपी डे’ 1969 मध्येच जगभर गाजले.

बायबलमधून आलेली नावेही अनुवादकाने ओळखावीत. ‘जार्स ऑफ क्ले’ हे बँडचे नाव करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील मातीच्या भांड्यांवरून आले आहे. त्यांचे ‘फ्लड’ हे गाणे 1996 च्या सुमारास सर्वसाधारण रॉक केंद्रांवर भरपूर वाजले. त्यातील पाऊस आणि चाळीस दिवस ऐकले की आम्हाला नोहाचा जलप्रलय आठवतो. ज्याने ती कथा वाचलेली नाही त्याला बुडणाऱ्या माणसाची हाक ऐकू येते, आणि ती ऐकू येणे पुरेसे असते. माझ्या मते ही गाणी दोन्हीकडे पोहोचण्याचे एक कारण हेच आहे. म्हणून शीर्षक ‘पूर’ असे अनुवादित न करता ‘फ्लड’च ठेवावे आणि जलप्रलयाचा संदर्भ वाक्यात सांगावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘क्रॉसओव्हर’, म्हणजे एका गटातले संगीत दुसऱ्या गटाच्या श्रोत्यांत लोकप्रिय होणे, हा शब्द राहिला. ‘सीमोल्लंघन’ कसे वाटते? आणि हिप-हॉपच्या भागात लक्रे या ख्रिस्ती रॅपरच्या एका अल्बमला ‘सर्वोत्कृष्ट गॉस्पेल अल्बम’चा ग्रॅमी मिळाल्याचा उल्लेख आहे, वसईकरांनी सांगितलेल्या अर्थाशी तो जुळत नाही.

प्रतिसाद

‘सीमोल्लंघन’ सुंदर शब्द आहे, पण त्यात दसऱ्याची स्वारी आहे. निघणारा जिंकायला निघतो, असा त्याचा सूर आहे. एखाद्या वाक्यात तो शोभेल. संज्ञा म्हणून ‘क्रॉसओव्हर’ तसाच ठेवून क्रियापदात ‘ओलांडणे’ वापरावे. ‘-अंतर’ लावून नवा शब्द घडवण्याचा मोह टाळावा, कारण पक्षांतर आणि धर्मांतर यांच्या शेजारी बसणारा शब्द गायकावर नकळत आरोप करील.

लक्रे यांची अडचण खरी आहे. ‘ग्रॅव्हिटी’ या 2012 च्या अल्बमला तो ग्रॅमी मिळाला, तेव्हा हिप-हॉप कलाकाराला तो प्रथमच मिळत होता. पुरस्काराच्या नावातला ‘गॉस्पेल’ हा विभागाचा शब्द आहे. तेथे तो परंपरेच्या मूळ अर्थापलीकडे पसरलेला आहे. पुरस्काराचे नाव जसेच्या तसे द्यावे, परंतु लक्रे यांना ‘गॉस्पेल गायक’ म्हणू नये. 2014 मध्ये त्यांचा ‘अ‍ॅनॉमली’ बिलबोर्डच्या सर्वसाधारण अल्बम-यादीत आणि गॉस्पेल यादीत एकाच वेळी पहिला आला. ‘ओलांडणे’ हे क्रियापदही तेथे अपुरे पडते. तेथे ‘दोन्ही याद्यांत अग्रस्थानी’ असे साधे लिहावे. त्यांच्या चमूच्या नावातील 116 हा आकडा बायबलमधील रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सोळाव्या ओवीचा आहे, जेथे पौल म्हणतो की आपल्याला सुवार्तेची लाज वाटत नाही. हे वाचकाला सांगितले, तर सर्वसाधारण यादीत अग्रस्थान मिळवणाऱ्या माणसाने ते नाव का टिकवले हे उमगेल.

वसईहून प्रतिसाद

एक दुरुस्ती सुचवतो. बायबलच्या संदर्भात आम्ही ‘ओवी’ म्हणत नाही, ‘वचन’ म्हणतो. ओवी म्हटले की फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आठवते, आणि तेथे तो शब्द अगदी योग्य आहे.

आणखी एक. लेखात एनएफ या रॅपरचा उल्लेख असेल, तर विशेष जपावे. 2017 मध्ये त्यांचा ‘परसेप्शन’ आणि 2019 मध्ये ‘द सर्च’ हे अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिले आले. आपण ख्रिस्ती आहोत, पण आपले संगीत ‘ख्रिस्ती रॅप’ नव्हे, अशी भूमिका त्यांनी मांडलेली आहे. मराठीत ‘ख्रिस्ती रॅपर’ लिहिले की दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले जातात. त्यांच्यासाठी ‘ख्रिस्ती श्रद्धा बाळगणारे रॅपर’ असे लिहावे, आणि ‘ख्रिस्ती रॅपर’ हे ज्यांनी स्वतः ते नाव स्वीकारले आहे त्यांच्यापुरतेच ठेवावे.