पॅनेज, हर्बेज, अजिस्टमेंट : सगळ्यांना 'चराई'च म्हणायचं?

नीरफणस : मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एका जहागिरीची हिशेबवही मराठीत आणतोय. कुळांकडून आलेल्या जमेत तीन नोंदी वेगवेगळ्या आहेत. पॅनेज म्हणजे शरदात डुकरं रानात सोडून ओक-बीचची पडलेली फळं खाऊ द्यायची, त्याचा मोबदला. हर्बेज गवतापुरतं. अजिस्टमेंट म्हणजे परक्याची गुरं आपल्या रानात चरायला ठेवून घेतलेले पैसे. मी तिन्हींना 'चराई' लिहिलं. संपादक म्हणतात, एकाच पानावर तीनदा चराई कशी?

मोडीवाचक : पेशवाईच्या कागदांत वनचराई आहे, म्हैसपट्टी आहे. नवे शब्द पाडायची हौस कशाला? पॅनेजला वनचराई लिहा.

नीरफणस : वनचराई म्हटलं की वाचकाला गवत आणि गाईम्हशीच दिसणार. 'डुक्करपट्टी' कशी वाटते?

मोडीवाचक : शिवी वाटते.

आडकित्ता : हर्बेज गवतापुरतं हे बरोबर, पण त्यात डुकरं नाहीत असं समजू नका. 1086च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीत, ससेक्सच्या नोंदी बघा. ज्या कुळाकडे सात डुकरं, त्याने हर्बेजपोटी एक द्यायचं. डुक्करपट्टी लिहिलीत तर हे कुठे घालणार?

सदाफुली : अजिस्टमध्ये आपला 'अज' तर नाही ना? अज म्हणजे बोकड!

आडकित्ता : नाही हो. जुन्या फ्रेंचमधला 'जिस्त' (giste) म्हणजे मुक्काम, त्यावरून आलाय. इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टमध्ये अजिस्टर, म्हणजे रानात चरणाऱ्या जनावरांवर देखरेख करणारे, आजही आहेत. चराईचे पैसे भरले की तट्टाच्या शेपटीचे केस विशिष्ट तऱ्हेने कापतात, तीच पावती.

मेलबर्नकर : इकडे घोडा दुसऱ्याच्या कुरणात ठेवायचा तर सर्रास अजिस्टमेंटच म्हणतात. तसाच ठेवा की.

मोडीवाचक : मग भाषांतर तरी कशाला करायचं?

बांधावरून : आमच्याकडे उलटा व्यवहार. धनगराची मेंढरं रानात बसवली की शेतकरीच धान्य देतो, लेंडीखतासाठी.

आडकित्ता : नॉरफोक-सफोककडे यालाच फोल्डेज. फरक एवढाच की तिथे कुळांची मेंढरं रात्री आपल्या शेतात बसवून घ्यायचा हक्कच जमीनदाराचा. स्वतःचा मेंढवाडा हवा तर पैसे मोजा.

मोडीवाचक : 'बसवणे' बोलीतलं झालं. ग्रंथात 'खतवणे' लिहावं.

बांधावरून : खतवणे म्हणजे शेणखत टाकणं. मेंढरं बसवतातच. कधी रानात जाऊन बघितलंय का?

नीरफणस : मंडळी, पॅनेज?

सदाफुली : त्यात 'पान' असणार बहुतेक.