‘रन’ म्हणजे धावणे. मग पंप कोरडा ‘धावतो’ का?

प्रश्न – कागदशाई

नमस्कार. यंत्रांसोबत येणाऱ्या सूचनापुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम मी गेली सहा वर्षे करते आहे. गेल्या महिन्यात बोअरवेलमध्ये सोडायच्या सबमर्सिबल पंपाची पुस्तिका माझ्याकडे आली. पुस्तिका जेमतेम सोळा पानांची, पण तिच्यात ‘रन’ हा एकच शब्द एकवीस ठिकाणी आला आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जागी त्याचा अर्थ निराळा आहे. पहिल्या हातासरशी मी एका ताकीदवाक्याचे मराठी ‘पंप कोरडा धावू देऊ नये’ असे केले होते. कच्चा मसुदा वडिलांना वाचायला दिला. त्यांची सारी हयात शेतात गेली आहे. ते त्या वाक्यापाशी थांबले आणि म्हणाले, “मोटार कोरडी चालते गं, धावत नाही. असं लिहिलंस तर वाचणारा पुस्तक बाजूला ठेवील आणि मोटार मात्र जळेल.” वाक्य मी त्याच संध्याकाळी बदलले, परंतु त्यांचे बोलणे मनातून जात नाही, कारण अशी ताकीद वाचणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही तर एखाद्या शेतकऱ्याला ऐन उन्हाळ्यात हजारो रुपयांचा फटका बसू शकतो.

माझी अडलेली वाक्ये थोडक्यात सांगते. एका ठिकाणी विजेची केबल पाइपाच्या कडेने ‘रन’ करावी असे म्हटले आहे. दुसरीकडे, पाणी स्वच्छ ‘रन’ होईपर्यंत पंप ‘रन’ करावा असे आहे, म्हणजे एकाच वाक्यात हा शब्द दोनदा आणि दोन अर्थांनी आला आहे. तिसरीकडे, आडव्या पाइपाचा ‘रन’ लांब असेल तर दाब कमी होतो असे लिहिले आहे. कोशात पाहिले की अर्थांची लांबच लांब यादी मिळते, पण आपल्या वाक्याला त्यांतला कोणता लागू पडतो हे यादीवरून कळत नाही. या शब्दाचा काही एक गाभा आहे का, आणि असल्यास त्याला धरून मराठी क्रियापद निवडण्याची काही रीत आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – जुना फळा

ताई, मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आणि त्यातली पहिली काही वर्षे मीही मुलांना ‘रन म्हणजे धावणे’ असेच पाठ करायला लावले, याची मला आज खंत वाटते. आपली अडचण खरी आहे आणि ती तुमच्या एकट्याची नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या शब्दाची होती आणि तिच्यात या शब्दाचे ४३० अर्थ दिलेले होते. पुढे त्याच कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ची नोंद हाती घेतली, तिच्यासाठी नऊ महिने खर्ची घातले, आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ त्यांच्या हाती लागले. यंत्रे आली, कारखाने आले, वेळापत्रकावर चालणाऱ्या आगगाड्या आल्या, नंतर संगणक आला, आणि या प्रत्येकाबरोबर इंग्रजी माणसाने नवा शब्द न घडवता बहुधा याच शब्दाला कामाला लावले.

गाभ्याविषयी आपण विचारले आहे. माझ्या मते उत्तर या शब्दाच्या मुळातच आहे. जुन्या इंग्रजीत याचे जे रूप होते त्याचा अर्थ धावणे असा होता, तसाच वाहणे असाही होता. जर्मन भाषेत या दोन अर्थांसाठी आजही दोन जवळची क्रियापदे आहेत: ‘रिनन’ म्हणजे पाणी झिरपणे, वाहणे, आणि ‘रेनन’ म्हणजे पळणे. इंग्रजीत ती एकाच रूपात मिसळून गेली. त्यांतले एक मुळात ‘स्वतः धावणे’ असे होते आणि दुसरे ‘धावायला लावणे’ असे प्रयोजक होते. म्हणून आजही इंग्रजीत पंप स्वतः ‘रन’ होतो आणि माणूसही पंप ‘रन’ करतो. आपल्याकडे मात्र चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे हा भेद शाबूत आहे. अनुवाद करताना पहिला प्रश्न हाच विचारावा की येथे वस्तू आपण होऊन काही करते आहे, की कोणी तिच्याकडून करवून घेतो आहे.

दुसरा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ‘रन’च्या बहुतेक अर्थांमध्ये पायांचा संबंध नसतो. काहीतरी न थांबता पुढे पुढे जात राहते, एवढाच भाव असतो. हे पुढे जाणारे ‘काहीतरी’ कोणते, ते इंग्रजी क्रियापद सांगत नाही, आणि मराठी तर त्यावाचून तोंडच उघडत नाही. आपल्याकडे नदी वाहते, रस्ता गावावरून जातो, दुकान चालते, नाक गळते, धुतलेल्या कापडाचा रंग जातो, अंगात ताप असतो, नाटकाचे प्रयोग होतात, घरातले पीठ संपते, आणि बँक बुडणार अशी आवई उठली की ठेवीदारांची झुंबड उडते. हे सगळे इंग्रजीत एकट्या ‘रन’ने भागते. म्हणून वर्गात मी शेवटी शेवटी मुलांना असे सांगू लागलो की ‘रन’ दिसला की त्याच्यावर बोट ठेवून त्याच्या कर्त्याकडे बघा, आणि तो कर्ता आपल्या घरी काय करतो ते आठवा. एका मुलीने रंग जाण्याचे उदाहरण तेव्हा लगेच दिले. तिच्या आईची नवी साडी त्याच आठवड्यात धुण्यात इतर कपड्यांना लागली होती.

आपल्या दुहेरी वाक्यात पहिला ‘रन’ पाण्याचा आहे, दुसरा पंपाचा. तेव्हा ‘पाणी नितळ येऊ लागेपर्यंत पंप चालू ठेवावा’ असे लिहावे, असे मी सुचवतो. पाण्यासाठी येथे ‘वाहणे’ घेऊ नये, कारण पाइपातून पाणी ‘येते’, वाहत नाही.

उत्तर २ – तांब्याची तार

ताई, मी मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार (वाइंडिंग) नव्याने गुंडाळण्याचे काम करतो, त्यामुळे भाषेपेक्षा कामाच्या बाजूने लिहितो. आपल्या वडिलांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. सबमर्सिबल मोटार भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, आणि पंपाच्या आत फिरणाऱ्या भागांना वंगणही पाण्याचेच असते. बोअरचे पाणी खाली गेले आणि मोटार तशीच चालू राहिली, तर आधी आतले बुश घासतात आणि मग उष्णता वाढून वाइंडिंग जळते. माझ्याकडे एप्रिल-मे महिन्यांत येणाऱ्या बहुतेक मोटारी अशाच असतात. उघडल्या की तांब्याच्या तारेवरचा वार्निशचा लेप काळा पडून सुटलेला असतो, आणि जळका वास दिवसभर दुकानातून जात नाही. शेतकरी दारात उभा राहून एवढेच म्हणतो, “कोरडी चालली वाटतं.” पुस्तिकेत नेमके हेच शब्द असावेत. ‘कोरडी’ आणि ‘चालली’ हे दोन शब्द दिसले की तो पुढचे वाचतो.

केबलबद्दल सांगायचे तर आम्ही केबल ‘सोडतो’. पाइपाला थोड्या थोड्या अंतरावर पट्टीने बांधत बांधत ती मोटारीबरोबर खाली सोडायची असते, म्हणून ‘केबल पाइपाला बांधत खाली सोडावी’ असे लिहिले की बांधायचे कामही त्यातच सांगून होते. हीच तार भिंतीवरून न्यायची असेल तर ‘ओढणे’ म्हणतात आणि जमिनीतून न्यायची असेल तर ‘टाकणे’. पाइपाच्या लांब ‘रन’ला आमच्याकडे वेगळा शब्द नाही. ‘पाइपलाइन लांब टाकली असेल तर’ एवढे पुरते. मात्र ‘रनिंग वाइंडिंग’ आणि ‘स्टार्टिंग वाइंडिंग’ हे सिंगल फेज मोटारीतले शब्द आहेत तसेच ठेवावेत, ही माझी विनंती आहे. मेस्त्रीपासून शेतकऱ्यापर्यंत सगळे तेच म्हणतात, आणि त्यांचे मराठी केले तर कोणती तार कुठे जोडायची याचा घोटाळा होईल.

आणखी एक गोष्ट मला येथे आवर्जून सांगावीशी वाटते. आमच्या जुन्या विहिरीवर अजून मोटेची धाव आहे. मोट ओढणारे बैल ज्या उतरत्या वाटेवरून पुढे जात आणि मागे सरत येत, त्या वाटेलाच ‘धाव’ म्हणतात. बैल तिच्यावर धावत नसत. ओझ्याने मान वाकवून ते पावलापावलाने उतरत, आणि त्यांच्या चालण्याने मोट वर येई. गाडीच्या लाकडी चाकावर बसवलेल्या लोखंडी पट्टीलाही आमच्याकडे धावच म्हणतात. म्हणजे आपला शब्दही पाय सोडून वाटेला आणि चाकाला जाऊन बसलेला आहे. त्या विहिरीत आता मोटार आहे, आणि धावेच्या दगडांमध्ये गवत वाढले आहे.

उत्तर ३ – पाठांतर

वरील उत्तरातली धाव वाचून मला फार आनंद झाला, कारण इंग्रजीतही कोंबड्यांना फिरायला जाळी लावून केलेल्या जागेला आणि बर्फावरून घसरत उतरण्याच्या वाटेला ‘रन’ असेच म्हणतात. क्रियेचे नाव तिच्या जागेला मिळणे ही दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केलेली गोष्ट आहे.

संस्कृतच्या बाजूने एक भर घालतो. पाणिनीच्या धातुपाठात ‘धावु गतिशुद्ध्योः’ असे आहे, म्हणजे धाव् या एकाच धातूला गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिलेले आहेत. दात घासण्याला आपण दंतधावन म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. पाणी धावते आणि धावता धावता मळ नेते, असा या दोहोंचा संबंध मला दिसतो. तो व्याकरणकारांनी सांगितलेला नसून माझा तर्क आहे. शेतीच्या पाठ्यपुस्तकांत पावसाचे जे पाणी जमिनीत न मुरता वरून निघून जाते त्याला ‘अपधाव’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीतल्या ‘रनऑफ’साठी घडवला, आणि घडवणाऱ्याने ‘धाव’ घेतली ती येथे बरोबर बसली, कारण संस्कृतातही हा धातू पाण्याला चालतो. म्हणून ‘धावणे’ सर्वत्र वर्ज्य करावे असे मला वाटत नाही. लोकल उशिराने धावते, असे आपण रोज ऐकतो आणि त्यात काहीही खटकत नाही.

क्रिकेटमधल्या धावेचेही तसेच आहे. चौकार सीमेपार गेला की फलंदाजांना धावण्याची गरज उरत नाही, तरीही फलकावर चार धावा लागतात. धावबाद, धावसंख्या, धावफलक हे शब्द आता इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांच्यामागे इंग्रजी शब्द आहे हे जाणवतही नाही. मैदानावर मुले मात्र ‘रन काढ, रन काढ’ असेच ओरडतात, आणि त्यात ‘काढणे’ हे आपले क्रियापद किती सहज येऊन बसले आहे हे पाहण्यासारखे आहे.

उत्तर ४ – दूरचा शेजारी

मी बरीच वर्षे अमेरिकेत राहतो. येथे उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो, आणि आपल्याकडेही माणूस निवडणुकीला उभाच राहतो. इकडच्या बातम्या गावी फोनवर सांगताना मी सुरुवातीला एकदा ‘अमके निवडणुकीत धावत आहेत’ असे म्हणून गेलो होतो, तेव्हा आईने ‘कशाला धावताहेत?’ असे विचारले. वर ‘जुना फळा’ सरांनी कर्त्याकडे पाहायला सांगितले आहे, ते मला पूर्ण पटते. त्यात एवढेच जोडावे की इंग्रजी कोणत्या देशाचे आहे तेही पाहावे, कारण पुस्तिका कुठे लिहिली गेली यावरही शब्द बदलतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर – कागदशाई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून एकवीसच्या एकवीस जागा पुन्हा तपासल्या. त्यांतल्या अकरा ठिकाणी ‘चालणे’ किंवा ‘चालू ठेवणे’ आले, तीन ठिकाणी ‘येणे’, दोन ठिकाणी ‘सोडणे’, एका ठिकाणी ‘टाकणे’, एका ठिकाणी ‘संपणे’, आणि वाइंडिंगची तीन ठिकाणे मी मेस्त्रीदादांच्या सांगण्याप्रमाणे इंग्रजीच ठेवली. ‘धावणे’ एकदाही आले नाही.

ताकीदवाक्य आता असे केले आहे: ‘बोअरमधील पाणी कमी झाल्यास पंप ताबडतोब बंद करावा. पंप कोरडा चालल्यास मोटार जळते.’ मूळ इंग्रजीत एकच वाक्य होते आणि त्यात जळण्याचा उल्लेख नव्हता, त्यामुळे हे वाक्य मंजूर करून घ्यावे लागेल. मी तशी टीप लिहून मसुदा पाठवला आहे. वडिलांना ते वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ‘पंप’ खोडून दोन्हीकडे ‘मोटार’ करायला सांगितले. मात्र पुस्तिकेत पंप आणि मोटार हे दोन वेगळे भाग दाखवलेले आहेत, म्हणून पहिल्या वाक्यात ‘मोटार बंद करावी’ असे करून दुसऱ्यात ‘पंप’ राहू दिला तर चालेल का, हे ‘तांब्याची तार’ दादांनी सवडीने सांगावे.

उत्तर ५ – तांब्याची तार

चालेल, ताई. बटण मोटारीचेच दाबायचे असते, त्यामुळे ‘मोटार बंद करावी’ हेच बरोबर आहे. फक्त ‘ताबडतोब’ हा शब्द काढू नका.