'मदत', 'साहाय्य' की 'विकाससहकार्य'? दक्षिण कोरियाच्या निमित्ताने

प्रश्न

दक्षिण कोरियावरचा एक लेख मराठीत करते आहे. एकेकाळी परकीय मदतीवर तगलेला हा देश आता इतरांना काय देतो, कसं देतो, असा विषय आहे. मूळ मजकुरात 'विकाससहकार्य' या अर्थाचा शब्द पावलोपावली येतो. मराठीत तो शासकीय परिपत्रकातला वाटतो. सरळ 'मदत' लिहिलं तर अर्थ बिघडेल का? आणि घेणाऱ्या देशाला 'लाभार्थी देश' म्हणावं का?

प्रतिसाद १

बिघडेल. कोरियन भाषेत दोन्ही शब्द आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. 'वॉन्जो' म्हणजे मदत, 'ह्योम्न्योक' म्हणजे सहकार्य.

१९५०-५३ च्या कोरियन युद्धानंतर जे आलं ते वॉन्जो. अमेरिकेकडून गहू, साखर आणि कापूस आला. त्यावर पिठाच्या गिरण्या, साखर कारखाने, सूतगिरण्या उभ्या राहिल्या. 'साम्बेक', म्हणजे तीन पांढरे, असं कोरियन लोक या उद्योगांना म्हणतात. इथे 'मदत'च लिहा, कारण त्या काळाबद्दल बोलताना कोरियन लोकही आडपडदा ठेवत नाहीत.

पुढे स्वतः द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी शब्द बदलला. १९९१ साली 'कोइका' ही परदेशांत विकासकामं करणारी सरकारी संस्था काढली. तिच्या कोरियन नावात वॉन्जो नाही, ह्योम्न्योक आहे. २०१० मध्ये कोरिया ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या विकास साहाय्य समितीचा, म्हणजे दात्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला. त्याच वर्षीच्या कायद्याचं नावही 'आंतरराष्ट्रीय विकाससहकार्य कायदा' असंच आहे. २०११ च्या अखेरीस बुसानला मदतीच्या परिणामकारकतेवर जागतिक परिषद भरली, तिच्या जाहीरनाम्यातही 'विकाससहकार्य' आलं. युद्धात मदतीची जहाजं याच बुसान बंदराला लागत होती.

हा शब्द त्यांच्या अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो पुसू नये असं मला मनापासून वाटतं. सोलचं राष्ट्रीय वैद्यकीय केंद्र बघा. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनने १९५८ मध्ये कोरियन सरकारसोबत हे रुग्णालय सुरू केलं. तिकडचे डॉक्टर, परिचारिका येऊन राहिल्या आणि कोरियन सहकाऱ्यांच्या बरोबरीने वॉर्डात राबल्या. १९६८ मध्ये रुग्णालय कोरियाच्या हाती सोपवून ते परत गेले. तसंच शिक्षणाचं. १९५४ नंतर सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे दोनशेहून अधिक अध्यापक अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शिकून आले. वैद्यक, शेती, अभियांत्रिकी अशा विषयांतले होते ते. आता तेच विद्यापीठ लाओसच्या डॉक्टरांना सोलला बोलावून शिकवतं. याला 'मदत' म्हटलं तर शिकणाऱ्याची मेहनत वाक्यातून गळून पडते.

'लाभार्थी' तर अजिबात नको. आपल्याकडे लाभार्थी म्हणजे योजनेच्या यादीत नाव असलेला, चेक घेताना फोटो निघणारा माणूस. कोरियनमध्ये मदत घेणाऱ्या देशाला 'सुवॉन्गुक' म्हणतात, पण आता 'ह्योम्न्योकगुक', म्हणजे सहकार्यातला देश, असंही म्हटलं जातं. मराठीत 'भागीदार देश' चालेल.

तुमच्या लेखात 'सेमाउल उंडोंग' येणारच. १९७० मध्ये सुरू झालेली ही ग्रामविकासाची चळवळ. सरकारने तेहतीस हजारांवर गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिलं. अट एकच, ते गावाच्या सामाईक कामाला वापरायचं. कुणी रस्ता केला, कुणी पूल, कुणी विहीर. पुढच्या फेरीत ज्यांनी नीट काम केलं अशा निम्म्याच गावांना आणखी ५०० पोती आणि एक टन लोखंडी सळ्या मिळाल्या. इथे 'अनुदान' लिहाल तर निम्मीच गोष्ट सांगितली जाईल. गावकऱ्यांनी घातलेल्या भागासाठी आपले 'श्रमदान' आणि 'लोकवर्गणी' हे शब्द चपखल बसतात. चळवळीच्या तीन सूत्रांपैकी 'जाजो' म्हणजे स्वावलंबन. आज कोइका हाच नमुना आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांत नेते. पण कोरियात तो रुजला त्याच्या आधी जमीनवाटप झालेलं होतं आणि वर पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीचा दाब होता. नमुना परदेशी नेताना या दोन गोष्टी सोबत जात नाहीत, हे लेखात यायला हवं.

प्रतिसाद २

दोन बारीक गोष्टी. 'सहाय्य' नको, 'साहाय्य' लिहा. संस्कृतात 'सहाय' म्हणजे सोबती, त्याचं भाववाचक नाम साहाय्य. म्हणजे या शब्दात सोबत आधीच आहे. दुसरं, 'विकाससहकार' असं आखूड करू नका. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना, दूध संघ आणि पतसंस्था डोळ्यांपुढे येतात.

प्रतिसाद ३

मला 'सहकार्य' या शब्दाचीच धास्ती वाटते. कर्जालाही सहकार्य म्हणायचं का? समृद्धी महामार्गाला कोरियाची 'मदत' अशी बातमी वाचली होती. ते पैसे तर फेडायचे आहेत.

प्रतिसाद १ चे उत्तर

तुमची धास्ती रास्त आहे. कोरियाचा कर्ज देणारा निधी १९८७ पासून आहे आणि त्याच्या नावातही 'आर्थिक सहकार्य'च आहे. तो तिथल्या एक्झिम, म्हणजे सरकारी आयात-निर्यात, बँकेमार्फत चालतो. याच निधीतून २०२३ मध्ये नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरच्या वाहतूक-नियंत्रण यंत्रणेसाठी सुमारे २४,५०० कोटी वॉनचं कर्ज ठरलं. व्याज सवलतीचं, मुदत लांब, पण आहे ते कर्जच. मराठीत त्याला 'सवलतीचं कर्ज' हा स्वच्छ शब्द आहे, तोच वापरावा. अशा काही कर्जांना कोरियन कंपन्यांकडूनच माल आणि कंत्राटं घ्यायची अट असते. तिथे 'अटींनी बांधलेलं कर्ज' लिहा.

रकमेबाबतही हात आखडता आहे. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के द्यावेत असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. कोरिया अजून ०.२ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. शब्द कितीही आपुलकीचा असला तरी हा आकडा लेखात असायलाच हवा.

निव्वळ 'मदत' शोभेल अशी जागाही आहे. १९५० ते १९५४ भारताचं ६० वं पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियात जखमींवर उपचार करत होतं. ती वैद्यकीय मदत. पूर, भूकंप, युद्ध अशा वेळी हाच शब्द नेमका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आभार. मग असं करते: पन्नासच्या दशकासाठी 'मदत', सोलच्या रुग्णालयापासून पुढे 'विकाससहकार्य', फेडायचं असेल तिथे 'सवलतीचं कर्ज' आणि न फेडायचं असेल तिथे 'अनुदान'. बाकी सगळीकडे 'भागीदार देश'. 'दाता' हा शब्द मात्र समितीच्या संदर्भापुरताच ठेवते.