चर्चा: ‘आपण अ‍ॅजाइल आहोत’ म्हणजे गरजा लिहून न घेण्याचा परवाना का?

काटेकोर (धागाकर्ता)
बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे आणि त्यातली निम्मी तरी गिऱ्हाइकासमोर बसून ‘तुम्हाला नक्की काय हवंय’ हे विचारण्यात गेली. हल्ली नव्या पोरांना रिक्वायरमेंट लिहा म्हटलं की उत्तर तयार असतं, “सर, आपण अ‍ॅजाइल आहोत.” अ‍ॅजाइल ही थोडं थोडं बनवून, दाखवून, सुधारत जाण्याची पद्धत. यांच्या लेखी म्हणजे जीरावर (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरवर) एका ओळीची स्टोरी, म्हणजे गरज, टाकायची आणि डेमोत गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की पुढच्या स्प्रिंटवर, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांच्या टप्प्यावर, ढकलायची. पूर्वी आयईईई ८३० या मानकाच्या साच्यात एसआरएस, म्हणजे सगळ्या गरजांचा दस्तऐवज, व्हायचा, पानापानावर सह्या व्हायच्या. भांडण झालं तर निदान कुठलं पान उघडायचं हे तरी कळायचं! आता व्हॉट्सअ‍ॅप धुंडाळावं लागतं. कंत्राट ठरीव किमतीचं असेल तर आधी सगळं लिहून घ्यावं, मगच कोडला हात लावावा, असं माझं मत. झोडपा.

बग-ए-आझम
झोडपतो. पानापानावर सही करतात हे खरं, पण वाचून करतात का?
आणि ज्या वॉटरफॉलच्या (एक पायरी पुरी करून मगच पुढची चढायच्या पद्धतीच्या) आठवणीनं तुमचे डोळे भरून आलेत, तिचं मूळ सांगतात त्या विन्स्टन रॉइसच्या १९७० च्या निबंधात तो शब्द नाहीच. त्यात पायऱ्यांची आकृती आहे आणि हे असंच्या असं राबवणं जोखमीचं आहे, अपयशाला आमंत्रण आहे, असंही त्यानंच लिहून ठेवलंय. सॉफ्टवेअर पहिल्यांदाच बनत असेल तर ते दोनदा करा, हा सल्लाही त्याचाच. लोकांनी आकृती उचलली आणि मजकूर सोडला. तुमच्या एसआरएसचंही तेच होतं.
एफबीआयचं व्हर्च्युअल केस फाइल, हे तपासाच्या फायली संगणकावर ठेवायचं सॉफ्टवेअर घ्या. गरजांचं बाड आठशेहून जास्त पानांचं, आणि सुमारे १७ कोटी डॉलर बुडवून २००५ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

काटेकोर
अर्धीच गोष्ट सांगितलीत. कंत्राट दिल्यावरही तिथं मागण्या बदलत राहिल्या. बाड जाड होतं हे दुखणं नव्हतं, ते कधी पक्कंच झालं नाही हे होतं.

बग-ए-आझम
मग उरलेली अर्धी मी सांगतो. त्याच कामासाठी त्यानंतर आणलेलं सेंटिनेल हे सॉफ्टवेअरही रखडलं होतं. २०१० मध्ये एफबीआयनं ते ठेकेदाराकडून स्वतःकडे घेतलं, लहान टीम आणि छोटे टप्पे ठेवले. २०१२ मध्ये चालू झालं.

काटेकोर
हो, पण ती टीम कोऱ्या पानावर बसली नव्हती. आधीच्या कंत्राटातल्या लिहिलेल्या गरजा हाताशी होत्या, त्यांच्याच स्टोऱ्या केल्या. आयतं पीठ मिळालं तर पोळ्या भराभर होतातच.

व्ही_वळण
मी गाडीच्या ब्रेकच्या कंट्रोलरवर काम करतो. आमच्याकडे आयएसओ २६२६२ हे गाड्यांच्या सुरक्षिततेचं मानक, म्हणजे प्रत्येक गरजेला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकासमोर चाचणी. ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’ हे ब्रेकच्या बाबतीत कुणी म्हणत नाही.
युरोपचं एरियान ५ रॉकेट आठवा. ४ जून १९९६, पहिलंच उड्डाण, चाळीस सेकंदांच्या आत रॉकेटचे तुकडे. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण कोड आलं होतं एरियान ४ वरून, आणि नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची आकडेवारी त्या दिशादर्शक यंत्रणेच्या गरजांत घालायची नाही असं संबंधितांनी आपसात ठरवलं होतं. हे चौकशी अहवालातच आहे. वर, सॉफ्टवेअरचा जो भाग कोसळला त्याला एरियान ५ वर उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. उलटी मोजणी मध्येच थांबली तर चटकन पुन्हा सुरू करता यावी, ही जुन्या एरियानची गरज. ती कुणी खोडली नाही आणि नवी कुणी लिहिली नाही.

बग-ए-आझम
म्हणजे कागद होता, सह्या होत्या, बैठकही झाली. धन्यवाद, मुद्दा माझाच झाला.

व्ही_वळण
छे! लिहिलं नाही म्हणून फुटलं, हे पुन्हा वाचा.

फडावरची
रॉकेटवरून जरा खाली या. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आम्ही केलं होतं, मी बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट, गरजा समजून लिहून घेणारी) होते. एसआरएस १४० पानांचा, चेअरमन आणि एमडी दोघांच्या सह्या. वाहन येतं, भरलेलं वजन होतं, गव्हाणीवर, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथं, रिकामं होतं, परत काट्यावर येतं. वजा केलं की ऊस. किती सोपं!
हंगामाची पहिली रात्र. दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर काट्यावरून गेला. गव्हाणीला रांग, म्हणून ड्रायव्हरनं त्या तिथंच सोडल्या, दुसऱ्याच दोन रिकाम्या जोडल्या आणि फडाकडे सुटला. पहाटे भरून परत आला, तर सिस्टिम म्हणते हे वाहन आतच आहे. मागं रांग पार रस्त्यापर्यंत. काटा कारकुनानं शांतपणे नंबरापुढे ‘अ’ टाइप केला, पुढच्या खेपेला ‘ब’. उजाडेपर्यंत आरटीओला माहीत नसलेली कितीतरी वाहनं आमच्या डेटाबेसमध्ये. मी पोचले तर म्हणाला, “ताई, ट्रॅक्टर येगळा आन् ट्रॉली येगळी. आमाला इचारलं असतं तर सांगितलं असतं की.”

बग-ए-आझम
ताई, हेच तर सांगतोय! दर दोन आठवड्यांनी डेमो दिला असतात तर पहिल्याच महिन्यात सापडलं असतं.

फडावरची
दिले होते हो. तीन डेमो, एमडींच्या एसी केबिनमध्ये, चहा-बिस्किटांसकट. सगळ्यांनी माना डोलावल्या. काटा कारकुनाला केबिनमध्ये कोण बोलावतंय? आणि आम्हीही रात्रीच्या पाळीला काट्यावर कधी थांबलो नाही, दिवसा जाऊन फोटो काढून आलो.

काटेकोर
काट्याचं पटलं. पण एक सांगा, ती दुरुस्ती कुणाच्या पैशानं झाली?

फडावरची
आमच्या. १४० पानांत ट्रॉली हा शब्द एकदाच होता, ‘वाहन (ट्रॅक्टर, ट्रॉली इ.)’ असा. त्यांच्या अकाउंटंटनं नेमकं तेच पान उघडलं.