‘सेटल्ड’ आणि ‘प्री-सेटल्ड’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न :
मी म्हापशाची. शेजारच्या काकींचा मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज अमलातला, म्हणून पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय संघातल्या देशाचा, पासपोर्ट निघाला आणि ब्रेक्झिटमुळे (ब्रिटन त्या संघातून बाहेर पडल्यामुळे) दरवाजा बंद व्हायच्या आत तो तिकडे पोचला. बार्देशात अशी कितीतरी घरं आहेत. परवा त्याला प्री-सेटल्ड स्टेटसची, म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याच्या अजून कायम न झालेल्या हक्काची, मुदत वाढल्याची ईमेल आली, ती त्याने आईला पाठवली. काकी रोज मराठी पेपर वाचतात, म्हणून मी कागदावर मराठीत लिहून दिलं आणि ‘प्री-सेटल्ड’साठी ‘पूर्व-स्थायिक’ हा शब्द घातला.

काकींनी दोनदा वाचलं. चेहरा उतरला. “म्हणजे आदीं आशिल्लें, आतां ना?” म्हणजे आधी होतं, आता नाही?

त्यांचं काही चुकलं नाही. पूर्वाध्यक्ष म्हणजे माजी अध्यक्षच. पूर्वप्राथमिक शाळेतला ‘पूर्व’ वेगळा, पण मुलाच्या काळजीत असलेली आई तो फरक कुठे करत बसणार? तर मग काय लिहावं?

प्रतिसाद :
ताई, आधी मूळ गोष्ट बघू. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं, जुने नियम मात्र त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहिले. त्या तारखेपर्यंत तिथे राहायला आलेल्या युरोपीय नागरिकांना तिथेच राहण्याच्या हक्कासाठी ३० जून २०२१ च्या आत अर्ज करायचा होता. सलग पाच वर्षं झालेली असली तर सेटल्ड, म्हणजे बेमुदत. कमी असली तर प्री-सेटल्ड. आयरिश नागरिकांना अर्जाची गरजच नव्हती, त्यांचा हक्क वेगळ्या, जुन्या व्यवस्थेतला.

माझा आक्षेप ‘पूर्व’इतकाच ‘स्थायिक’वरही आहे. ‘बाबा निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थायिक झाले’ या वाक्यात सरकार कुठेच नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. इथे तर सरकारने मान्य केलं तरच माणूस ‘सेटल्ड’. वीस वर्षं तिथे संसार केलेली बाईही अर्ज राहिला तर कायद्याने ‘सेटल्ड’ नाही. मराठीत ती कधीच स्थायिक झालेली असते.

दुसरा प्रतिसाद :
‘अधिवास’ कुणी सुचवू नये. आपल्याकडे तो डोमिसाइलच्या दाखल्याला चिकटला आहे, उगाच घोटाळा होईल.

मला इथे ‘दाखला’ आणि ‘परवाना’ हा भेद फार मोलाचा वाटतो. जन्माचा दाखला मिळाल्यामुळे माणूस जन्मत नाही, असलेल्या गोष्टीची ती नोंद असते. बंदुकीचा परवाना नसेल तर बंदूक बाळगताच येत नाही. ब्रेक्झिटच्या करारातल्या कलम १८ ने प्रत्येक देशाला या दोन्हींतली एक वाट निवडायची मोकळीक दिली. जर्मनीने तिथे आधीपासून राहणाऱ्या ब्रिटिश लोकांसाठी पहिली निवडली : हक्क आपोआप मिळालेलाच आहे, कार्ड फक्त पुराव्याला. म्हणजे दाखला. ब्रिटनने आणि फ्रान्सने दुसरी : अर्ज करा, मंजूर झाला तर हक्क. म्हणजे परवाना. करार एकच, पण अर्ज करायचा राहून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचं जर्मनीत काही बिघडत नाही आणि ब्रिटनमध्ये पायाखालची जमीन जाते. म्हणून ब्रिटनबद्दल लिहिताना ‘दाखला’ लिहू नये, वाचणारा गाफील राहील.

आपल्या जुन्या गावव्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असे दोन शब्द होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, उपरी बाहेरून येऊन कसणारा. मिरासदार परागंदा झाला, बऱ्याच वर्षांनी परतला, तरी मिरासीवर दावा सांगू शकत असे. सेटल्ड माणूस सलग पाच वर्षं ब्रिटनबाहेर राहिला तर त्याचा हक्क जातो. तेव्हा ‘सेटल्ड’ म्हणजे मिरासदार नव्हेच.

तिसरा प्रतिसाद :
मी स्विंडनलाच राहतो. आमच्यात सगळे ‘सेटल्ड मिळालं का?’ असंच विचारतात. हातात कार्ड येत नाही, सगळं ऑनलाइन. घरमालकाला नव्वद दिवस चालणारा शेअर कोड द्यायचा, तो टाकून त्याने आपला हक्क ऑनलाइन तपासायचा. माझ्या आईला अजून पटत नाही की कागद नसलेला कागद खरा असतो.

कुणी ‘मुदतीचा परवाना’ सुचवणार असेल तर थांबा. सेटल्ड होण्यासाठीचा दुसरा अर्ज राहिला म्हणून प्री-सेटल्ड माणसाचा हक्क संपवणं बेकायदेशीर, असा निकाल लंडनच्या हायकोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. सप्टेंबर २०२३ पासून मुदत आपोआप वाढवायला सुरुवात झाली. काकींच्या मुलाची ईमेल त्यातलीच. ‘मुदतीचा’ म्हटलं की काकी पुन्हा तारीख मोजत बसतील.

आपण रोज ‘कच्चं लायसन्स’, ‘पक्कं लायसन्स’ म्हणतो ना? तेच घ्या. कच्च्यावरही गाडी रस्त्यावर असते.

मूळ प्रश्नकर्ती :
काल नवा कागद लिहून दिला : ‘मुलाचा तिथे राहण्याचा परवाना सध्या कच्चा आहे, पण चालू आहे. पाच वर्षं राहिल्याचे पुरावे पुरे झाले की पक्का होईल.’

काकींनी एकदाच वाचलं. पुरावे म्हणजे काय, एवढंच विचारलं. पगाराच्या स्लिपा, कौन्सिल टॅक्सची (तिथल्या घरपट्टीची) बिलं, मी सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि मुलाला म्हणाल्या, “पगाराच्यो स्लिपी सांबाळून दवर.”