प्रति: टस्कनी, बस की खाजगी गाडी?

इटलीतल्या टस्कनी भागात फिरताना आई-बाबा सोबत असणार म्हणता, तर बस नको, गाईडसह खाजगी गाडीच घ्या. मात्र फ्लोरेन्सहून एका दिवसात सिएना, सान जिमिन्यानो आणि पिएंझा, सगळं उरकायचा बेत सोडा. आम्ही आई-बाबांना घेऊन टस्कनीतलं फक्त वाल दोर्चा खोरं केलं, सकाळी पिएंझा गाव, दुपारी मोंताल्चिनो गाव, आणि तेवढंच पुरलं.

पिएंझा म्हणजे पोप दुसरा पायस याचं जन्मगाव. १४५९ पासून त्याने ते नव्याने बांधून घेतलं. गाव इतकं लहान की गुडघे दुखणाऱ्या बाबांनीही सगळं पायी पाहिलं. गल्लीत शिरताच पेकोरिनोचा, म्हणजे मेंढीच्या दुधाच्या चीजचा वास येतो. दुकानातल्या बाईंनी अक्रोडाच्या पानांत मुरवलेल्या चीजचा तुकडा आईच्या हातावर ठेवला. चीज म्हटलं की नाक मुरडणाऱ्या आईने दुसरा मागून घेतला! शाकाहारी असाल तर जेवायला 'पिची अल्लाल्योने' मागा: हाताने वळलेला जाडसर पास्ता, लसूण-टोमॅटोच्या रश्शात.

बुकिंगआधी एक नक्की विचारा: गाईड वेगळा येणार की ड्रायव्हरच माहिती सांगणार? आमचा ड्रायव्हर गावाच्या वेशीवर सोडून गाडीपाशीच थांबला, आत आमचे आम्हीच.